चौदा नंबरच्या ट्रेमधला कण

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जेल फुटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून फुटलं.

चौदा नंबरचा ट्रे, त्यातलं काचेच्या फेसासारखं हलकं जेल. कापायची सुई नेहमीचीच, वेगही नेहमीचाच — पण शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हात हलला. कंबरेमुळे. परवा रविवारी ताईच्या भट्टीतली फळी कोसळली, सगळे मातीचे कप एकमेकांवर पडले, आणि ते उपसायला तिला माझ्याशिवाय दुसरं आहे कोण! दोन तास भट्टीत अर्धा आत वाकून होतो. साठीला टेकलेल्या माणसाने असले उद्योग करू नयेत. बहिणीच्या कपांसाठी तर मुळीच करू नयेत.

फुटलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा चुरा चार तास निवडत बसलो. एक कण मिळाला. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा, पांढुरका. आपलं यान धूमकेतूच्या धुळीतून गेलं तेव्हा जो जो कण या जेलमध्ये घुसला, त्याने आत गाजरासारखी निमुळती वाट पाडलेली असते. वाटेच्या टोकाशी कण सापडला की तो धूमकेतूचाच, वाद नाही. ह्याची वाट कुठली ते आता कळायचं नाही, कारण तेवढाच भाग फुटला. उचलला, काचेवर ठेवला, नंबर दिला, नवीकडे पाठवला.

नवी म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेली संशोधक. तीन वर्षं झाली तरी नवीच, कारण तिच्यानंतर इथे कुणाला घेतलेलंच नाही.

लिफ्ट आजही बंद. चार मजले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कंबर. गुडघा. बाकी काही नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नवी आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली आणि उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. हातात कागद, त्यावर तीन उंच सुळके — कॅल्शियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. माझ्या ब्रेडवर कागद ठेवून म्हणाली, चौदा नंबरचा आहे, सर.

मला कळायला वेळ लागला नाही. असले कण हजार-दीड हजार अंशांखाली तयारच होत नाहीत. म्हणजे सूर्य अजून पुरता सूर्य झाला नव्हता तेव्हा, अगदी त्याच्या अंगाशी. आणि धूमकेतू तर पार शेवटच्या टोकाला, जिथे श्वासही गोठेल अशा जागी जमलेला. मी शाळेत शिकलो तेव्हा धूमकेतू म्हणजे मळकट बर्फाचा गोळा, विषय संपला. मग एकामागून एक यानं गेली आणि दर वेळी शिकलेलं थोडं थोडं पुसावं लागलं. बर्फ वर दिसतच नाही, वरचं साल कोळशाहून काळं. आतून इतका पोकळ की पाण्यात टाकला तर तरंगेल. आणि त्या धुळीत भट्टीतून निघाल्यासारखे कण! ते मुळी तिथे पोचले कसे? म्हणजे सुरुवातीला सगळं ढवळलं गेलं होतं — आतलं बाहेर, बाहेरचं आत. असे कण आधीही मिळालेत, पण इतका मोठा आणि इतका धडधाकट आमच्याकडे कधीच नाही.

नवीने शेवटी बसून माझा अर्धा ब्रेड खाल्ला. तिच्या लक्षातही आलं नसावं. मला फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाईंनी — म्हणजे आमच्या संचालक, सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणतात — सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावून नवीचं कौतुक केलं. बाई सहसा कौतुक करत नाहीत. नवी लाल झाली.

पुढचं असं. कणातला ऑक्सिजन मोजायचा. ऑक्सिजन तीन वजनांचा असतो, आणि पृथ्वीवर कुठलीही वस्तू घ्या, त्या तिघांचं प्रमाण एकाच ठरलेल्या रेषेवर पडतं. सूर्याजवळ जन्मलेल्या जुन्या कणांचं त्या रेषेच्या पार खाली. एवढीच परीक्षा. ते यंत्र आमच्याकडे नाही, दुसऱ्या शहरात आहे. रांग दीड वर्षाची. पण कुणीतरी गळलं आणि वीस मार्चची जागा रिकामी झाली. नशीबच म्हणायचं. नवीचा करार एकतीस मार्चला संपतो. बाई स्पष्टच म्हणाल्या की हा कण खरा ठरला तर करार वाढवून घेणं अवघड जाणार नाही. नाही ठरला तर काय, ते म्हणाल्या नाहीत. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

हे तिसऱ्यांदा लिहायला बसतोय. कंबरेचा दोष नाही.

दुपारी ताईने मागच्या खोलीत हाक मारली. भट्टीच्या फळ्यांना नवा लेप लावायचा होता. भाजताना भांडी फळीला चिकटू नयेत म्हणून पांढरा लेप देतात तो. चष्मा सापडत नाही म्हणून पिशवीवरचं प्रमाण मला वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचलं — ॲल्युमिना इतके भाग. मग झिलईची पिशवी. कॅल्शियम इतकं. आणि तिसरी छोटी पुडी, झिलईला दुधाळ रंग येण्यासाठी. टायटॅनियम.

मी थांबलो. ताई म्हणाली, पुढे वाच की.

नऊ तारखेच्या रविवारी मी त्या भट्टीत डोकं घालून कप उपसले. झिलई फळीवर ओघळून लेपात मिसळून भाजली गेली होती, ती छिन्नीने खरवडली. सगळं धूळधूळ झालं होतं. अकरा तारखेला मी चौदा नंबरचा ट्रे उघडला.

प्रयोगशाळेत जेल कापायच्या स्वच्छ खोलीत जाण्याआधी दाराशी एक वही आहे. गेल्या तीन दिवसांत सिमेंट, वेल्डिंग, रंगकाम, भट्टी — यातल्या कशाजवळ गेला होतात का? हा प्रश्न मीच लिहिलेला. नियमही माझाच. "होय" असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. मी दर सकाळी "काही नाही" लिहितो. प्रश्न न वाचता लिहितो, सही करावी तसं. आणि खरं सांगायचं तर, गेला होतात का म्हटल्यावर घर कुणाच्या मनात येतं! घरी आपण जात नाही, घरी आपण असतोच. सात वर्षं ताईची भट्टी माझ्या मागच्या खोलीत आहे आणि सात वर्षं मी लिहितोय — काही नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बोललो नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चार दिवस मनातल्या मनात वकिली चालू आहे.

एक बाजू म्हणते, मी अंगभर पांढरा पोशाख घालतो, टोपी, हातमोजे, मुखपट्टी. जेलच्या आत कण कसा जाईल? दुसरी बाजू म्हणते, जेल फुटलं होतं आणि तू चार तास त्यावर ओणवा होतास. एक बाजू म्हणते, यंत्र वीस तारखेला निकाल देणारच आहे, तू कशाला मध्ये तोंड घालतोस? दुसरी म्हणते, आणि तोवर त्या पोरीने सगळ्या जगाला सांगितलं म्हणजे? तिने सारांश पाठवलाय परिषदेला. तिच्या नावावर.

आणि नियम असा की शंका असलेला कण त्या यंत्राकडे पाठवायचाच नाही. मी बोललो की वीस तारीख गेली. रांग पुन्हा दीड वर्षाची. तिचा करार महिनाभराचा. म्हणजे खरं बोलून मी तिला घालवणार, आणि गप्प बसून कदाचित जगासमोर तोंडघशी पाडणार. छान पर्याय आहेत!

मी थकलोय. नुसता या आठवड्याने नाही. अकरा वर्षं दिसत नाही अशा धुळीची राखण केली, आणि केली ती नीट केली या एका गोष्टीवर मी ताठ चालत होतो.

सोमवार, ३ मार्च

नवीला सांगितलं. बाईंच्या आधी तिला, एवढं तरी तिचं देणं लागतो असं वाटलं.

जिन्यात गाठलं, दुसऱ्या मजल्यावर, जिथे कुणी थांबत नाही. सरळ सांगितलं. भट्टी, फळी, पिशवीवरची नावं. ती रडेल किंवा चिडेल असं धरून चाललो होतो. दोन्ही नाही. कठड्याला धरून खाली बघत राहिली. मग विचारलं, "अजून कुणाला सांगितलंत?"

म्हटलं, कुणाला नाही. उद्या बाईंना सांगणार.

"उद्याच?"

मी म्हटलं, उद्याच. आणखी एक दिवस काढला तर मी बोलणार नाही हे मला माहीत आहे. तिने कठड्यावरचा हात काढला. "ठीक आहे, सर," म्हणाली आणि वर गेली. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबरच आहे. कशाला बघेल?

मंगळवार, ४ मार्च

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न तोच विचारला ज्याला मी घाबरत होतो. भट्टी केव्हापासून?

सात वर्षं, म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, म्हणजे एक कण नाही. मी म्हटलं, नाही. वाटेच्या टोकाशी सापडलेले सगळे सुरक्षित आहेत, त्यांना बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. पण कापताना पडलेल्या चुऱ्यातून, ट्रेभोवतीच्या धातूच्या फॉइलवरून, चौकटीच्या कडेवरून सात वर्षांत मी जे उचलले, ते सगळे शंकेतले. किती? यादी मी आदल्या दिवशी काढून ठेवली होती. हा सोडून दोनशे बारा.

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. नुसत्या म्हणाल्या, "तुमच्यावर डोळे मिटून विश्वास होता हो."

नियमाबद्दल त्यांनी वेगळा तोडगा काढला. वीस तारखेची जागा सोडायची नाही. कण पाठवायचा, आणि सोबत ताईच्या भट्टीतली भुकटीही पाठवायची, दोन्हीच्या चिठ्ठीवर खरं ते लिहून. परिषदेला पाठवलेला सारांश मागे घ्यायचा. नवीचं नाव यात कुठे येणार नाही, तिला बिचारीला फसवलंच गेलं असं धरायचं. मी त्या खोलीत जायचं नाही, तूर्त घरीच राहायचं. किल्ली ठेवून आलो.

मी म्हटलं, बिचारी बरोबर आहे. फसवणारा मी.

गुरुवार, ६ मार्च

वहीत लिहिलं. अकरा फेब्रुवारीच्या माझ्या "काही नाही"वर रेघ मारली, खाली खरं लिहिलं, आजची तारीख घालून सही केली. सात वर्षांच्या प्रत्येक पानावर रेघ मारायला लागली असती. एकच ओळ लिहिली, सगळ्यांसाठी.

शनिवार, ८ मार्च

भट्टीतली भुकटी न्यायला नवी आली. बाईंनीच पाठवलं. सोबत काचेच्या नळ्या, हातमोजे, चिमटा.

ताईला मी सगळं सांगितलं होतं. तिने त्यावर तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. माझ्यावर रागावून नाही, स्वतःवर. सात वर्षांपूर्वी भट्टी कुठे ठेवू विचारलं तेव्हा मीच मागची खोली दिली होती, हे तिला दहादा सांगितलं. पण ती ऐकेल तर ताई कसली! आज मात्र नवी आल्यावर तिची कळी खुलली. भट्टी कशी लावतात, कुठला कप कुठे ठेवतात, सगळं दाखवलं. नवी मन लावून ऐकत होती, मधूनमधून प्रश्न विचारत होती. भट्टीच्या अंगाला हात लावून म्हणाली, आपल्या कणालाही एवढीच आच लागते.

ताई म्हणाली, मग विस्तव कोणाकडून नेला होता ते विचार त्या कणाला.

दोघी हसल्या. मी चहा केला. जाताना नवी दारात थांबली, काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण बुटाचे बंद बांधून उठली आणि नुसतं "येते" म्हणाली.

गुरुवार, १३ मार्च

घरी बसून आठवडा झाला. ताई म्हणते, फडकं घे आणि कपाटं पूस, धुळीचीच सवय आहे ना. पुसली.

नाष्ट्याला अंडी करपवली. तीही आता माझ्याकडून नीट होत नाहीत.

एक मात्र मनातून जात नाही. अशा खऱ्या कणांबद्दल विचार करतो तेव्हा त्यांचं कौतुक वाटतंच. आगीत जन्मले, कुठल्या कुठे फेकले गेले, बर्फात गाडले गेले, आणि साडेचार अब्ज वर्षं जसेच्या तसे राहिले. एकाही नोंदवहीत त्यांनी खोटं लिहिलं नाही. इथे माझं अकरा वर्षांत काय झालं बघा. हा विचार बरा नाही. ताईला बोलून दाखवला तर म्हणाली, दगडाशी बरोबरी करू नकोस, आधी जेव.

बुधवार, १९ मार्च

उद्या मोजणी. झोप नाही, भूक नाही. कण खरा निघू दे असं वाटतं. माझ्यासाठी नाही. नाही, माझ्यासाठीसुद्धा. खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, २१ मार्च

बाईंचा फोन आला, अकरा वाजता. मी उभा होतो, बसलो.

कणाचा ऑक्सिजन पृथ्वीच्या रेषेवर. भट्टीच्या भुकटीचाही तिथेच. काचेचं प्रमाण, टायटॅनियमचं प्रमाण, सगळं जुळतं. शंकेला जागा नाही. महिनाभर आम्ही ज्याला साडेचार अब्ज वर्षांचं म्हणत होतो तो फेब्रुवारीतला होता. ताईच्या फळीवरचा!

मी विचारलं, नवीला कळलं? म्हणाल्या, तिलाच आधी कळलं, तीच यंत्रापाशी होती.

मग त्यांनी बाकीच्या दोनशे बारांचं काढलं. प्रत्येक पुन्हा तपासावा लागणार. दोन वर्षांचं काम. कुणाला द्यायचं हे त्यांना कळत नव्हतं. म्हणाल्या, हुशार माणसं खूप मिळतील हो, पण आता मला हुशारी नको आहे. माझ्या तोंडाला काही सल्ला शोभत नाही.

ताईला सांगितलं. ती भट्टीपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "माझ्यामुळे त्या पोरीचं गेलं."

म्हटलं, माझ्यामुळे. आम्ही दोघं तिथेच बसलो. मला रडू आलं.

सोमवार, २४ मार्च

बाईंनी बोलावलं. टेबलावर नवीचं पत्र. तारीख एकोणीस, मोजणीच्या आदल्या दिवसाची. बाईंनी ते माझ्याकडे सरकवलं. "अकरा फेब्रुवारीला सकाळी सर कपडे बदलत होते तेव्हा त्यांच्या भुवयांवर पांढरी भुकटी होती. पिकलेले केस असतील असं धरून चालणं मला सोयीचं गेलं. कणाचे आकडे आले त्याच दिवशी मला शंका आली होती. सरांनी जिन्यात सांगितलं तेव्हाही मी बोलले नाही. निकाल काहीही लागो, दोष त्यांच्या एकट्याचा धरू नये. मला करार वाढवून नको."

बाई म्हणाल्या, हिला कुणी विचारलंही नसतं. आता हिचं काय करू, तुम्हीच सांगा.

म्हटलं, ते दोनशे बारा कण तिला द्या. आणि खोलीची किल्लीही.